राग आवरायला शिकवणारा आठ रविवारांचा कोर्स : काय शिकवतात, पैसे वसूल होतात का

आधीच सांगतो, सेंटरचं नाव इथे टाकणार नाही. पहिल्याच रविवारी आम्ही बाराही जणांनी ठरवलं होतं की गटात कोण होतं आणि कोण काय बोललं ते बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि नाव टाकलं की आमच्या भागातली माणसं बॅचवरून बरोबर ओळखतील. बाकीच्यांच्या ज्या दोनचार गोष्टी खाली आल्यात त्या त्यांना विचारून आणि थोड्या बदलून लिहिल्यात. माझं मात्र जे झालं ते तसंच लिहितोय, कारण मी जायच्या आधी दोन महिने असा एखादा रिव्ह्यू शोधत होतो आणि मराठीत मला काही सापडलं नव्हतं.

तर पिंपरी-चिंचवडमधलं एक छोटं समुपदेशन केंद्र आहे, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. आठ रविवार, सकाळी १० ते १२, एका बॅचला १२ जण. फी ४,५०० रुपये, आणि त्याआधी एक ओळखभेट असते तिचे ३०० वेगळे. शिकवायला एक मॅडम आहेत, त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि सोबत एक सर, ते समुपदेशक. सगळं मराठीत चालतं, हे मला फार महत्त्वाचं वाटलं, का ते पुढे सांगतो.

मी भोसरी एमआयडीसीत एका सीएनसी जॉबशॉपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देणाऱ्या कारखान्यात, प्रॉडक्शन बघतो, या लाईनमध्ये १८ वर्षं झाली. मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रात्रपाळीला एक नवीन पोरगा होता, २२-२३ वर्षांचा, सकाळी मी येऊन बघतो तर १४० पीस बोअरमध्ये, म्हणजे मधल्या भोकात, ओव्हरसाईज, सगळे रिजेक्ट, आणि दुपारी डिस्पॅच. मी काय काय बोललो ते इथे लिहू शकत नाही, त्याच्या आईबापापर्यंत गेलो, आणि हातातला प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायची लोखंडी दांडी, टेबलावर फेकला तो उडून त्याच्या कानाजवळून मशीनच्या दाराला जाऊन लागला. पोरगा काहीच बोलला नाही. गेज उचलला, पुसला, डब्यात ठेवला, हात धुतले आणि गेला. परत आलाच नाही. दोन दिवसांनी कळलं की मशीनजवळ लावलेलं ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनचं होतं आणि फर्स्ट पीस ओके केल्याची त्याच्यावरची सही माझी होती.

शेठनी मला केबिनमध्ये बोलवून एवढंच सांगितलं की काम तुझं एक नंबर आहे पण वर्षात पाच पोरं गेली तुझ्या हाताखालून. त्या रात्री मी बायकोला हे सांगितलं, मला वाटलं ती माझी बाजू घेईल, तर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "अहो, तुमची पोरगी तुमच्या गाडीच्या स्टँडचा आवाज ऐकत असते, माहितीय का. साईड स्टँड लावला तर बाहेर बसून राहते, डबल स्टँड आपटला की पुस्तक घेऊन आत जाते." पोरगी नववीत आहे. किती वर्षं हे चालू होतं मला माहीतच नव्हतं. त्याच महिन्यात बीपी १५० वर १०० निघालं, आणि गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच या सेंटरचा नंबर दिला.

ओळखभेटीबद्दल जरा जास्त लिहितो कारण बरेच जण तिला फॉर्मॅलिटी समजतात. पाऊण तास चालली आणि त्यात रागाबद्दल अर्धेच प्रश्न होते. झोप किती, दारू किती आणि कुठल्या दिवशी, शुगर थायरॉइड कधी तपासलं का, डोक्याला मार लागला होता का, आधी आवडायच्या त्या गोष्टी आता नकोशा वाटतात का. मी म्हटलं मॅडम मला राग येतो, डिप्रेशन नाही आलं. त्या म्हणाल्या की पुरुषांमध्ये बऱ्याचदा डिप्रेशन रडण्यातून दिसत नाही, चिडचिडीतून दिसतं, आणि तसं असेल तर आधी त्याचा इलाज करावा लागतो, नाहीतर आठ रविवार फुकट जातात. आमच्या बॅचला येणार होते त्यातल्या एकांना त्यांनी खरंच आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि ते पुढच्या बॅचला आले. आणि एक प्रश्न सरळ विचारला, घरात हात उचलता का. माझ्या परवानगीने बायकोलाही फोन करून वेगळं विचारलं. घरात मारहाण चालू असेल तर त्या माणसाला या गटात घेत नाहीत. सरांचं म्हणणं असं की जो साहेबासमोर गप्प बसू शकतो आणि घरी येऊन हात उचलतो त्याला आवरता येतंय, तो फक्त माणूस बघून आवरतो, आणि अशा घरात आधी बायकापोरं सुरक्षित हवीत, नवऱ्याचा कोर्स नंतर. कोणी हे वाचणारी त्यात अडकलेली असेल तर १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाईन आहे आणि लगेच मदत हवी असेल तर ११२. नवरा कोर्सला जातोय एवढ्यावर थांबू नका.

आता पहिला रविवार. मला वाटलं होतं ध्यान लावायला लावतील किंवा राग वाईट असतो यावर भाषण देतील. मॅडमनी फळ्यावर एक उभी रेघ मारली, खाली शून्य वर दहा लिहिलं, आणि म्हणाल्या रागाला मराठीत जेवढे शब्द आठवतात तेवढे सांगा. पहिली पाच मिनिटं कोणी बोलेना, मग सुरू झालं ते थांबेना. कुरबुर, चिडचिड, वैताग, फणकारा, रुसवा, चरफड, तिडीक, राग, संताप, आदळआपट, थयथयाट, आकांडतांडव. गटात एक शाळेतल्या बाई होत्या त्यांनी त्रागा सांगितला. मग काम दिलं की हे शब्द रेघेवर कुठे बसतात ते सगळ्यांनी मिळून ठरवा. वैताग तीनवर की चारवर यावरच दहा मिनिटं गेली. चरफड मोठी की चिडचिड? चरफडीत माणूस बाहेर काही दाखवत नाही, आतल्या आत जळतो, मग ती कमी कशी, असं एक रिक्षावाले काका म्हणाले आणि सगळे त्यांच्या बाजूने झाले. त्राग्याला तर रेघेवर जागाच मिळेना कारण तो दुसऱ्यापेक्षा स्वतःवरच जास्त काढलेला असतो, जेवण टाकून उठायचं, आता मी काही बोलणारच नाही म्हणायचं, शेवटी तो बाजूला वेगळा लिहिला.

हा खेळ वाटला पण मला त्या दिवशी एक गोष्ट लागली. मी इतकी वर्षं एकच शब्द वापरत होतो, "डोकं फिरलं". तीन असो वा नऊ, डोकं फिरलं. आणि शब्दच एक असेल तर वागणंही एकच होतं. मॅडम म्हणाल्या की तीनवर असताना ते तीन आहे हे ज्याला कळतं त्याच्या हातात बरंच काही करण्यासारखं असतं, आठवर गेल्यावर फार थोडं उरतं. हे इंग्रजीत शिकवलं असतं तर मला समजलं असतं पण लागलं नसतं, कारण चरफड म्हटल्यावर छातीत जे होतं ते मला लहानपणापासून ओळखीचं आहे.

मग वही. दोनशे पानी साधी वही आणायची आणि रागाचा प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी लिहायचा, वेळ, काय झालं, अंगात काय झालं, मनात कुठलं वाक्य आलं, आकडा किती, आणि मी काय केलं. पहिल्या आठवड्यात मी फक्त तीन प्रसंग लिहिले कारण मला वाटलं तेवढेच झाले. दुसऱ्या आठवड्यात लक्ष ठेवलं तर दिवसाला दोनतीन निघायला लागले. आणि एक दिसलं की माझे मोठे प्रसंग जवळपास सगळे सकाळी १० ते ११:३० मध्ये आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात. सकाळी मी चहावर निघायचो, नाश्ता करायचोच नाही. संध्याकाळी नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमधून तसाच तापलेला घरात शिरायचो. आता ही काही मोठी मानसशास्त्राची गोष्ट नाही पण वही लिहिली नसती तर कळली नसती. तेव्हापासून दोन डबे घेऊन जातो.

अंगात काय होतं हा भाग सरांनी घेतला. मेंदूत अमिग्डला म्हणून छोटा भाग आहे तो धोका दिसला की शरीराला तयार करतो, ॲड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, स्नायू ताणतात, आणि विचार करणारा पुढचा मेंदू त्यावेळी मागे पडतो. प्रत्येकाची पहिली खूण वेगळी असते, ती शोधून काढायची. शाळेतल्या बाईंचे कान गरम होतात. माझा जबडा घट्ट होतो आणि मी समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी "हां हां" म्हणायला लागतो, हे मला गटातल्या दुसऱ्याने सांगितलं, मला स्वतःला पत्ता नव्हता. बीपीवाल्यांसाठी सरांनी एक अभ्यास सांगितला तो मी नंतर नीट वाचला पण. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांचा, २०२४ मध्ये छापून आलेला, २८० निरोगी माणसं घेतली आणि काहींना फक्त ८ मिनिटं स्वतःला राग आलेला एखादा प्रसंग आठवायला लावला, तर त्यांच्या रक्तवाहिन्या सैल व्हायची क्षमता जी कमी झाली ती ४० मिनिटांपर्यंत तशीच होती. नुसता आठवून. आणि मी दुपारी जेवताना सकाळचा प्रसंग चारचार जणांना रंगवून सांगायचो.

यावरूनच पुढचा मुद्दा निघाला आणि तो बऱ्याच जणांना पटत नाही म्हणून लिहितो. राग बाहेर काढून टाकला की माणूस मोकळा होतो असं आपण सगळेच मानतो. गटातला एक जिमवाला मुलगा रोज अर्धा तास पंचिंग बॅगवर मारायचा, त्याच्या मते तेवढ्यामुळेच तो टिकून होता. मोठ्या शहरांत आता बाटल्या टीव्ही फोडायच्या खोल्या पण निघाल्यात, पैसे भरा आणि तोडफोड करा. सरांनी सांगितलं की २०२४ मध्येच ओहायो स्टेट विद्यापीठातून १५४ अभ्यास एकत्र करून, म्हणजे दहा हजारांहून जास्त माणसांचा, हिशोब मांडला गेला आणि त्यात असं दिसलं की शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी राग कमी होत नाही, जॉगिंगने तर थोडा वाढताना दिसला, आणि शरीर थंड करणाऱ्या गोष्टींनी म्हणजे श्वास, शवासनासारखं अंग ढिलं सोडणं, ध्यान, योगासनं यांनी कमी होतो. व्यायाम तब्येतीला चांगलाच आहे, फक्त राग आलेला असताना त्या माणसाचं तोंड डोळ्यासमोर आणून बॅग मारली तर आपण रागाचाच सराव करतोय. जिमवाल्याने दोन आठवडे भांडण केलं यावर. मग त्याने वहीत मारण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहायला सुरुवात केली आणि तोच म्हणाला की सहाचा सातच होतोय, फक्त हात दुखतात म्हणून बरं वाटतं.

श्वासाचं साधं आहे, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. बाहेर सोडणं लांब हवं. पण हे राग आल्यावर पहिल्यांदा करून जमत नाही, रोज सकाळ संध्याकाळ पाच मिनिटं राग नसताना करायचं मग वेळेला आठवतं. मला तिसऱ्या आठवड्यापर्यंत आठवलं नाही एकदाही.

आता चौथा रविवार, ज्याच्यासाठी मी म्हणेन की सगळी फी वसूल झाली.

पद्धत जुनी आहे, अल्बर्ट एलिस नावाच्या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली सुरू केलेली, आणि आपल्याकडे ती रुजवली मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी, एलिसांशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. मुद्दा असा की प्रसंगामुळे थेट राग येत नाही, प्रसंग आणि राग याच्या मधे आपलं एक वाक्य असतं आणि ते वाक्य इतक्या पटकन जातं की आपल्याला ते दिसतच नाही. मॅडमनी माझी वही मागितली, त्यातली माझी वाक्यं फळ्यावर लिहिली. पोराने वेळेवर यायलाच पाहिजे. एकदा सांगितलेलं कळलंच पाहिजे. घरी आल्यावर शांतता मिळालीच पाहिजे. पोरीने मोबाईल ठेवलाच पाहिजे. मग लाल खडूने प्रत्येक वाक्यातल्या एकाच अक्षराभोवती गोल केला. च.

मी उठून वाद घातला. म्हटलं मॅडम, वेळेवर यायला नको का मग? शिफ्ट आठची आहे, आठलाच यायचं असतं, हा काय माझा हट्ट आहे? त्या म्हणाल्या, तुमची इच्छा बरोबर आहे, नियमही बरोबर आहे, तो अजिबात सोडू नका. पण त्याने यायलाच पाहिजे असा जगाचा कायदा असता तर तो आलाच असता ना, तो आलेला नाही हे समोर दिसतंय, आणि तुम्ही जे समोर घडलंय त्याच्याशीच भांडताय की हे घडलंच कसं. "तो वेळेवर यावा अशी माझी जोरदार इच्छा आहे, नाही आला तर त्याचा अर्धा तास कापेन आणि दोनदा झालं तर लेखी देईन" हे वाक्य म्हणून बघा. म्हणून बघितलं. जबडा सुटला. वैताग होता, चारवर होता, पण आठ नव्हता. त्या म्हणाल्या हा वैताग राहू दे, तो कामाचा आहे, त्याच्यामुळेच तुम्ही अर्धा तास कापाल. राग शून्यावर आणायला आपण इथे बसलेलो नाही, ज्याला कशाचाच राग येत नाही त्याच्याशी कोणीही कसंही वागतं.

तरी माझं पूर्ण समाधान झालं नाही. आठवडाभर हे डोक्यात घोळत होतं आणि बुधवारी एक नवीन ड्रॉइंग वाचताना एकदम लागलं. २५ मिलिमीटर, प्लस मायनस ०.०२. माझं आयुष्य टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, वाचण्यात गेलंय. कुठलंही ड्रॉइंग घ्या, विमानाच्या पार्टचं घ्या, टॉलरन्स शून्य कोणी देत नाही, कारण शून्याने पार्ट बनवताच येत नाही, जगातलं कुठलंच मशीन तसं बनलेलं नाही. टूल झिजतं, मटेरियल गरम होतं, मेजरमेंटमध्येच थोडा फरक असतो. लोखंडाच्या तुकड्याला मी ०.०२ सोडत होतो आणि माणसाला काहीच सोडत नव्हतो, ना त्या पोराला ना माझ्या पोरीला. पुढच्या रविवारी हे गटात सांगितलं तर मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

आणि टॉलरन्स म्हणजे सगळं चालवून घेणं पण नाही, हे आमच्या लाईनवाल्यांना वेगळं सांगायला नको. बाहेर गेला की पार्ट रिजेक्टच होतो. फक्त रिजेक्ट करताना कोणी पार्टला शिव्या देत नाही, लाल डबा असतो त्यात टाकतो, कारण शोधतो, मशीनचा ऑफसेट म्हणजे मापाची सेटिंग बदलतो आणि पुढचा पीस लावतो.

पाचव्या आणि सातव्या रविवारी नाटक करून सराव असतो. ही पद्धत रेमंड नोव्हाको या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९७५ पासूनची, लसीसारखी कल्पना आहे, थोडा थोडा डोस देऊन सवय करायची. आपला प्रसंग आपणच सांगायचा, दुसरा कोणीतरी समोरचा माणूस होतो, आणि प्रसंगाच्या आधी, चालू असताना आणि नंतर स्वतःशी काय बोलायचं ती वाक्यं आधी लिहून काढायची. माझ्यासाठी रिक्षावाले काका तो पोरगा झाले. मी म्हटलं पीस ओव्हरसाईज कसे आले, आणि काकांनी नुसती मान खाली घातली आणि काहीच बोलले नाहीत, अगदी त्या पोरासारखे. मला पुढे बोलता आलं नाही. खूप वेळ गेला. मॅडमनी घाई केली नाही, कोणी काही म्हटलं नाही, मग मी परत पहिल्यापासून केलं आणि यावेळी पहिलं वाक्य असं निघालं की ड्रॉइंग दाखव रे जरा, आपण दोघं बघू.

घरासाठी ब्रेकचा नियम आहे तो मला सगळ्यात उपयोगी पडला. आकडा सहावर गेला की बोलणं थांबवायचं, पण नुसतं उठून जायचं नाही, सांगून जायचं, "मी तापलोय, २० मिनिटांनी येतो, मग बोलू", आणि २० मिनिटांनी खरंच यायचं. २० का, तर शरीर खाली यायला निदान तेवढा वेळ लागतो. आणि त्या वेळात मनात भांडण चालू ठेवायचं नाही, हळू चालायचं, झाडांना पाणी घालायचं, श्वास. सहाव्या रविवारी घरच्यांना बोलवतात तेव्हा माझ्या बायकोने सगळ्यांसमोर सांगितलं की आधीही हे उठून जायचे, पण कधी येणार, आल्यावर काय मूडमध्ये येणार, काही कळायचं नाही, आम्ही दोघी नुसत्या वाट बघत बसायचो, आता वेळ सांगून जातात त्यामुळे मी तेवढ्या वेळात भाजी तरी फोडणीला टाकू शकते. परत येणं हाच या नियमातला मुख्य भाग आहे हे मला तिच्याकडून कळलं.

कमी काय ते पण लिहितो. घरच्यांसाठी एकच रविवार आहे, तो फार अपुरा आहे, निदान तीन हवेत, कारण राग माझा असला तरी सवयी सगळ्या घराला लागलेल्या असतात. जे फॉर्म देतात त्यातले काही इंग्रजीवरून केलेले आहेत आणि त्यांची भाषा इतकी जड की रिक्षावाल्या काकांना मला समजावून सांगावं लागायचं, जिथे तोंडी एवढं सुंदर मराठी चालतं तिथे कागद असे का. दोन तासांत १२ जण म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं येतात, गप्प बसणारा माणूस तसाच गप्प राहून जाऊ शकतो, आमच्यात एक होते ते पाचव्या आठवड्यानंतर आलेच नाहीत. रविवार चुकला तर बदली तास मिळत नाही, आणि एमआयडीसीत शिफ्टवर असणाऱ्याला आठही रविवार सलग मिळणं किती अवघड आहे हे मी सांगायला नको, मी दोन वेळा रात्रपाळी करून थेट गेलोय. खाली हॉल आहे त्यामुळे लग्नसराईत बँडचा आवाज येतो. आणि कोर्स संपल्यावर महिन्याने एकच भेट आहे, नंतर काही नाही. आम्ही सहा जणांनी आपले आपण महिन्यातून एकदा भेटायचं ठरवलंय.

फरक किती पडला? वहीप्रमाणे सांगतो. तिसऱ्या चौथ्या आठवड्यात मिळून १९ प्रसंग होते, त्यात सातच्या वरचे ७. शेवटच्या दोन आठवड्यांत ११, त्यात सातच्या वरचे २. त्या दोनातला एक घरचा होता आणि वाईट होता, पोरगी रडली. त्या रात्री मी तिच्या खोलीबाहेर उभा राहून माफी मागितली, तिने दार उघडलं नाही पण "ठीक आहे पप्पा" म्हणाली. बीपी आता १३० वर ८६ आहे, गोळी चालू आहे, त्यामुळे श्रेय कशाला किती द्यायचं ते मी सांगू शकत नाही. फेब्रुवारीतल्या त्या पोराचा नंबर शोधून मी फोन केला, ड्रॉइंगवर सही माझी होती हे त्याला सांगितलं आणि माफी मागितली. तो "बरं साहेब" म्हणाला आणि फोन ठेवला. चाकणला लागलाय असं कळलं. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले माफी मागितली म्हणजे त्याने माफ केलंच पाहिजे असं नाही, आणि त्यातला च मला लगेच ऐकू आला.

ज्यांना ४,५०० जास्त वाटतात किंवा जवळ असं काही नाही त्यांच्यासाठी. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेला, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं, आणि राग हे कारण सांगून फोन करायला काही हरकत नाही. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. मुंबई ठाण्याकडच्यांनी आयपीएचची (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) चौकशी करावी, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली संस्था, विवेकनिष्ठ पद्धत मराठीत पोचवण्यात त्यांचं मोठं काम आहे. आणि कुठेही गेलात तरी शिकवणाऱ्याचं शिक्षण काय ते विचारा, दोन दिवसांत राग मुळापासून घालवतो म्हणणाऱ्यांचे बोर्ड आमच्याच रस्त्यावर तीन आहेत.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा घरच्यांच्या त्या एकाच रविवारासाठी कापलाय. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, आधी ओळखभेट घ्यावी लागते, आणि भेटीला जाताना मागच्या आठवड्यात कधी कधी चिडलो ते कागदावर लिहून न्या, शक्य झालं तर घरच्यांना विचारून लिहा, माझ्या यादीत तीन होते आणि बायकोच्या यादीत नऊ.